वाचकांचे प्रश्न : 'मुंबई' नावाची विनाशिका

मागच्या अंकात जाता जाता लिहिलं होतं, की मी आयएनएस 'मुंबई'च्या कमिशनिंग क्रूमध्ये, म्हणजे जहाज नौदलात दाखल झालं तेव्हाच्या पहिल्या खलाशांमध्ये होतो. त्या एका ओळीवर पत्रांचा गठ्ठा आला. म्हणून या वेळी होड्या, भरती-ओहोटी, होकायंत्र यांचे प्रश्न बाजूला ठेवतो आणि फक्त या जहाजाचे घेतो. नव्या वाचकांसाठी सांगतो : मी मालवणचा. ओडिशात चिल्क्याच्या नौदल प्रशिक्षण केंद्रात शिकून नौदलात गेलो आणि सीमन शाखेत राहिलो. दोर, नांगर, बोटी, रंगकाम हे माझं काम. क्षेपणास्त्राचं बटण माझ्या हातात कधीच नव्हतं. पण त्या क्षेपणास्त्रांच्या पेट्यांखालचा गंज मी चिपिंग हॅमरने काढलेला आहे, आणि गुडघ्यांवर बसून काम करणाऱ्याला जहाज जेवढं कळतं तेवढं मला कळलं.

'विनाशिका' म्हणजे नक्की कशाचा विनाश करणारी? फ्रिगेट आणि विनाशिका यांत फरक काय? (अकरावीतली विद्यार्थिनी, चिपळूण)

बाळ, नाव जुनं आहे आणि काम बदललं आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी टॉर्पेडो (पाण्याखालून धावत जाऊन फुटणारं अस्त्र) सोडणाऱ्या छोट्या वेगवान बोटींनी मोठ्या युद्धनौकांची झोप उडवली होती. त्या बोटींचा पाठलाग करून त्यांना बुडवायला ब्रिटिशांनी १८९३च्या सुमारास एक नवी नौका काढली, 'टॉर्पेडो बोट डिस्ट्रॉयर'. पुढे 'टॉर्पेडो बोट' गळून पडलं आणि 'डिस्ट्रॉयर' राहिलं. त्याची आपण मराठीत विनाशिका केली.

फ्रिगेट आणि विनाशिका यांच्यामध्ये कुणी पक्की रेघ ओढलेली नाही. साधारणपणे विनाशिका मोठी असते, तिच्यावर हत्यारं जास्त असतात आणि स्वतःबरोबर सगळ्या ताफ्याला विमानांपासून वाचवण्याची जबाबदारी तिच्यावर असते. 'गायडेड मिसाइल' म्हणजे सुटल्यानंतरही ज्याला दिशा देता येते किंवा जे स्वतः लक्ष्य शोधतं असं क्षेपणास्त्र. आपल्याकडची या जातीची पहिली नौका १९८०मध्ये आलेली 'राजपूत'. ती सोव्हिएत युनियनमध्ये बांधलेली होती. आपण स्वतः बांधलेली पहिली म्हणजे 'दिल्ली', मग 'म्हैसूर', मग आमची 'मुंबई'. तिन्ही माझगाव डॉकमधल्या.

'दिल्ली' फेब्रुवारी १९९१मध्ये पाण्यात उतरली आणि नौदलात दाखल झाली नोव्हेंबर १९९७मध्ये. 'मुंबई' मार्च १९९५मध्ये उतरली, दाखल झाली २२ जानेवारी २००१ला. पाण्यावर तरंगणाऱ्या जहाजाला आणखी सहा-सहा वर्षं का लागावीत? (निवृत्त यंत्र अभियंता, पुणे)

साहेब, तुमचा प्रश्न मला फार आवडला, कारण याचं उत्तर म्हणजेच या जहाजाची कुंडली आहे.

जलावतरणाच्या दिवशी जे पाण्यात घसरतं ते घराचं नुसतं बांधकाम असतं. भिंती उभ्या, पण वायरिंग नाही, नळ नाहीत, चूल नाही. १६३ मीटर लांब आणि सुमारे १७ मीटर रुंद असा पोलादी सांगाडा. पुढचं सगळं काम धक्क्याला बांधून चालतं, त्याला फिटिंग आउट म्हणतात. पूर्ण सामानानिशी 'मुंबई' भरते साडेसहा हजार टनांच्या वर. त्यातलं किती तरी वजन उतरल्यानंतर चढलेलं असतं.

आता 'मुंबई'त काय काय चढलं ते बघा. गॅस टर्बाइन युक्रेनमधल्या मिकोलायव्हची. जहाजावर मारा करणारी सोळा 'उरान' क्षेपणास्त्रं, विमानांविरुद्धची 'श्टिल', पुढची १०० मिलिमीटरची तोफ, सहा नळ्यांच्या एके-६३० तोफा, पाणबुडीविरोधी रॉकेट, पाच नळ्यांचा टॉर्पेडो लाँचर, हे सगळं रशियन घराण्यातलं. दोन सी-किंग हेलिकॉप्टरं विलायतेतल्या वेस्टलँडची. सोनार, म्हणजे आवाजाच्या लाटांनी पाण्याखालची पाणबुडी शोधणारं यंत्र, आणि बरीचशी इलेक्ट्रॉनिक उपकरणं भारत इलेक्ट्रॉनिक्सची. आराखडा नौदलाच्या दिल्लीतल्या डिझाइन संचालनालयाचा, त्याला लेनिनग्राडच्या सेवेर्नोये संस्थेची मदत. आणि हे सगळं एका कवचात बसवायचं काम माझगावातल्या आपल्या माणसांचं. त्यात किती तरी लालबाग-परळचे, कोकणातले, घाटावरचे.

एका देशाच्या यंत्राला एक विजेचा दाब लागतो, दुसऱ्याच्या यंत्राला दुसरा. एकाच्या खुणा रशियनमध्ये, दुसऱ्याच्या इंग्रजीत. रडारने पाहिलेलं लक्ष्य क्षेपणास्त्राला त्याच्या भाषेत कळलं पाहिजे. एक रडार चालू केलं की शेजारच्या उपकरणाला ते आंधळं करता कामा नये. सासरी-माहेरी दोन्हीकडे वेगवेगळ्या पद्धतीचा स्वयंपाक करणाऱ्या बाईलाच ही तारांबळ समजेल. ही कला एकदम आली नाही. १९७२ची 'निलगिरी' आपण परदेशी आराखड्यावर बांधली. १९८३च्या 'गोदावरी'वर पहिल्यांदा रशियन हत्यारं, पाश्चात्त्य उपकरणं आणि देशी सोनार एकत्र नांदवले. 'दिल्ली'चा विचार सुरू झाला तोच 'गोदावरी'ची पुढची पायरी म्हणून. मग सोव्हिएत युनियनने नवी हत्यारं देऊ केली आणि कागदावरचं जहाज वाढत वाढत फ्रिगेटची विनाशिका झालं. आराखडा असा मध्येच वाढला की प्रत्येक नळी, प्रत्येक केबल पुन्हा आखावी लागते.

आणि मग डिसेंबर १९९१. 'दिल्ली' माझगावच्या पाण्यात होती आणि ज्या देशाकडून निम्मं सामान यायचं तो देशच नकाशावरून गेला. टर्बाइनचा कारखाना एका देशात, क्षेपणास्त्रांचा दुसऱ्या देशात. करार कुणाशी, पैसे कुठल्या चलनात, सुटा भाग कुणाकडे मागायचा, सगळं नव्याने. मी तेव्हा दुसऱ्या जहाजावर होतो. डॉकयार्डात कामाला आलेले जुने फिटर चहाच्या वेळी हेच बोलायचे. रिकाम्या जागेत लाकडी सांगाडा उभा करून त्याच्या भोवतीची पाइपलाइन पूर्ण करून ठेवायची, म्हणजे खरं यंत्र आलं की फक्त बसवायचं. मला ही गोष्ट सांगणाऱ्या माणसाची बोटं वेल्डिंगच्या ठिणग्यांनी ठिपक्या-ठिपक्यांची झालेली होती. सहा वर्षं उशीर झाला म्हणून लोक बोट दाखवतात. मला त्या सहा वर्षांत ही माणसं दिसतात. 'दिल्ली' पूर्ण झाली तेव्हा भारतात बांधलेली ती सर्वांत मोठी युद्धनौका होती. ती सहा वर्षं झाली नसती तर पुढची 'कोलकाता'ही झाली नसती.

विनाशिका किती वेगाने जाते? (सहावीतला मुलगा, सांगली)

तीस नॉटच्या वर. एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर, म्हणजे ताशी साधारण ५५ किलोमीटरच्या पुढे. तुला वाटेल एसटी याहून जोरात जाते. पण एसटी साडेसहा हजार टनांची नसते आणि तिच्याखाली डांबर असतं. पूर्ण वेगात मागच्या डेकवर उभं राहिलं की पायांखालचा पत्रा थरथरतो, आणि मागे उसळणारं पांढरं पाणी माणसाच्या उंचीच्या वर जातं. शाळेची सहल काढून मुंबईला ये. डिसेंबरात नौदल सप्ताहात जहाजं बघायला मिळतात.

आमची 'मोरमुगाव' आणि तुमची 'मुंबई' दोन्ही माझगावच्याच, मग दिसायला एवढ्या वेगळ्या का? (वाचक, वास्को)

'आमची' म्हणालात ते बरोबरच आहे. 'मोरमुगाव' पहिल्यांदा समुद्रावर गेली १९ डिसेंबर २०२१ला, गोवा मुक्तीच्या साठाव्या वर्धापनदिनी, आणि दाखल झाली १८ डिसेंबर २०२२ला.

दोघींची लांबी सारखीच, १६३ मीटर. त्या एकाच घराण्यातल्या आहेत. 'दिल्ली', 'म्हैसूर', 'मुंबई' हा प्रकल्प १५. मग १५-ए : 'कोलकाता', 'कोची', 'चेन्नई'. मग १५-बी : 'विशाखापट्टणम', 'मोरमुगाव', 'इंफाळ', 'सुरत'. मधल्या पिढीत चेहरा बदलला. 'मुंबई'वर तुम्हाला डोलकाठ्या, जाळीचे अँटेना, फिरणाऱ्या तबकड्या, कोनात झुकलेल्या पेट्या असं सगळं उघड्यावर दिसेल. 'मोरमुगाव' गुळगुळीत आहे, तिच्या भिंती आत कललेल्या. शत्रूच्या रडारची लाट सरळ परत जाऊ नये म्हणून.

खरा फरक क्षेपणास्त्र सोडण्यात आहे. 'मुंबई'वर 'श्टिल'चे दोन लाँचर, एक पुढे, एक मागे. एकेक हात असलेले. हात लक्ष्याकडे वळतो, क्षेपणास्त्र सुटतं, मग हात सरळ उभा होतो आणि डेकखालच्या गोल कोठारातून दुसरं वर सरकतं. प्रत्येक कोठारात चोवीस. सराव चालू असताना तो हात वळताना बघणं ही मोठी गोष्ट होती. हत्तीने सोंड फिरवावी तसा तो फिरायचा. पण दोन क्षेपणास्त्रांमध्ये काही सेकंद जातात, आणि समुद्राला घासून येणारं शत्रूचं क्षेपणास्त्र त्या सेकंदांत खूप अंतर कापतं. 'मोरमुगाव'वर विमानविरोधी बत्तीस क्षेपणास्त्रं डेकमध्ये उभ्या नळ्यांत बसलेली आहेत. काही वळवायचं नाही, कुठल्याही दिशेला एकामागून एक सुटतात. जहाजावर मारा करायला सोळा 'ब्राह्मोस', तीही उभी.

तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगतो. 'मुंबई'सारखी जहाजं आहे तशीच ठेवली नाहीत. जवळ आलेल्या क्षेपणास्त्राला पाडायला पुढे इस्रायली 'बराक' बसवली. 'दिल्ली'वरून तर एप्रिल २०२२मध्ये 'ब्राह्मोस'ची चाचणी झाली. १९९७च्या जहाजाच्या डेकवर नव्या हत्याराला जागा करायची म्हणजे जुन्या घरात गच्चीवर टाकी चढवण्यासारखं आहे : वजन कुठे पडेल, जहाज कलेल का, केबल कुठून नेणार.

वीस-बावीस वर्षांत 'मुंबई'ने शत्रूवर एकही क्षेपणास्त्र डागलं नाही असं वाचलं. मग एवढ्या खर्चाचा उपयोग काय झाला? रागावू नका. (शिक्षक, नाशिक)

रागावलो नाही गुरुजी. हा प्रश्न आम्हीही मेस डेकवर, म्हणजे खलाशांच्या राहण्या-जेवण्याच्या जागेत, एकमेकांना विचारलेला आहे, विशेषतः २००२च्या उन्हाळ्यात. संसदेवरच्या हल्ल्यानंतर ऑपरेशन पराक्रम सुरू झालं होतं आणि आम्ही अरबी समुद्रात महिनोन्महिने फिरत होतो. जहाज दोन वर्षांचंसुद्धा झालं नव्हतं. कधीही आदेश येईल म्हणून बूट घालूनच झोपायचो. आदेश आला नाही. युद्ध झालं नाही याचं एक कारण आम्ही तिथे होतो हेही असेल. मोजता येत नाही म्हणून ते मी हिशेबात धरत नाही.

मोजता येतं ते सांगतो. जुलै २००६. मी दुसऱ्यांदा 'मुंबई'वर होतो. भूमध्य समुद्रातला दौरा आटोपून आम्ही परतीच्या वाटेवर होतो. बायकोला सांगून ठेवलं होतं, गणपतीच्या आधी घरी. आणि लेबनॉनमध्ये बॉम्बवर्षाव सुरू झाला. 'मुंबई', 'ब्रह्मपुत्रा', 'बेतवा' आणि तेलवाहू 'शक्ती', चौघींना आदेश आला : बैरूतला जा, आपली माणसं काढा. त्याला नाव होतं ऑपरेशन सुकून.

विनाशिका साडेतीनशे-चारशे माणसांसाठी बांधलेली असते. तिच्यात पाहुण्यांची खोली नसते. रात्रीतून आम्ही मेस डेक रिकामे केले. स्वतःचं सामान लॉकरमध्ये कोंबलं, बंकवर धुतलेल्या चादरी टाकल्या. हेलिकॉप्टरच्या हँगरमध्ये ताडपत्र्या आणि चटया अंथरल्या. उघड्या हत्यारांच्या भोवती, शिड्यांच्या कडांना, जिथे लहान मूल हात घालू शकेल अशा प्रत्येक जागी आम्ही दोर बांधले. ते काम माझ्याकडे होतं. आपल्याच जहाजाकडे तीन वर्षांच्या पोराच्या उंचीवरून बघायची वेळ माझ्यावर पहिल्यांदाच आली. एवढी टोकं, एवढे कोपरे! गलीमध्ये, म्हणजे जहाजाच्या स्वयंपाकघरात, आचाऱ्यांनी पुऱ्या आणि बटाट्याची भाजी केली. डाळ-भाताच्या मोठ्या देगा चढल्या.

बैरूतच्या धक्क्याला लागलो. ब्रो लावला, म्हणजे धक्क्यावरून जहाजावर यायची ती फळी. दोन्ही बाजूंना आम्ही उभे. एका हाताने माणसाचा दंड धरायचा, दुसऱ्या हाताने त्याची पिशवी घ्यायची. गृहिणी होत्या, नोकरदार होते, पण माझ्या लक्षात राहिले ते मजूर. नव्या कपड्यांत आलेले, जणू गावी जत्रेला निघालेत. एकाकडे सामान म्हणून फक्त उशीच्या खोळीत बांधलेला टेपरेकॉर्डर. एक बाई आली, कडेवर चार-पाच महिन्यांचं मूल. मुलाला दूध पाहिजे होतं. युद्धनौकेवर दुधाची बाटली कुठली? आमच्या सिकबेवाल्याने, म्हणजे जहाजाच्या दवाखान्यातल्या माणसाने, मिल्क पावडर उकळलेल्या पाण्यात पातळ केली, बिनसुईची सिरिंज घेतली आणि थेंब थेंब पाजलं. त्या वेळी ती बाई सोळा 'उरान' असलेल्या जहाजावर, टॉर्पेडोच्या नळीपासून दहा पावलांवर बसलेली होती.

बैरूत ते सायप्रसचं लार्नाका रात्रीच्या एका प्रवासाचं अंतर. तिथे उतरवायचं, तिथून विमानाने भारत. पुन्हा बैरूत. चारही जहाजांनी मिळून २,२८० माणसं काढली. त्यात श्रीलंकेचे, नेपाळचेही लोक होते. काही लेबनीज होते, ज्यांची लग्नं भारतीयांशी झालेली.

मग तुम्ही म्हणाल, हे काम तर प्रवासी जहाजही करेल. नाही करणार, गुरुजी. वरून विमानं जात असताना, बाहेर एक युद्धनौका क्षेपणास्त्राने जखमी झालेली असताना कुठला प्रवासी कप्तान तिथे शिरेल? आमच्या ब्रिजवर, म्हणजे जिथून जहाज चालवतात तिथे, रडार चालू होतं, 'श्टिल'वर माणसं उभी होती, आणि म्हणून ब्रोवर मी निवांत हात धरू शकत होतो. क्षेपणास्त्र डागलं नाही, पण त्या चार-पाच महिन्यांच्या मुलाला त्याचा उपयोग झाला.

मी निवृत्त झाल्यावर एप्रिल २०१५मध्ये 'मुंबई' येमेनला गेली, तिथल्या युद्धातून माणसं काढण्याच्या ऑपरेशन राहतमध्ये. एडनमध्ये धक्क्यावर लढाई चालू, जहाज आत नेणं शक्य नव्हतं. ते बाहेर थांबलं आणि छोट्या बोटींनी माणसं आणली, ४४१, त्यातले १७९ भारतीय, बाकी इतर देशांचे. त्यांना जिबूतीला पोचवलं. माझ्या हाताखाली गाठी शिकलेला एक पोरगा तेव्हा जहाजावर होता. त्याने फोनवर एवढंच सांगितलं : "चीफ, लाट होती, बोट वर-खाली होत होती. तुम्ही शिकवलं होतं तसं, बोट वर आली की उचलायचं, खाली जाताना नाही." जाळीची शिडी, दोराची पकड आणि लाटेची वेळ. एवढ्यावर ४४१ माणसं वर आली. 'म्हैसूर'चंही सांगायला हवं. १३ डिसेंबर २००८ला एडनच्या आखातात तिने एका इथिओपियन मालवाहू जहाजावर चालून आलेले तेवीस चाचे पकडले. तिथेही तिचं क्षेपणास्त्र सुटलं नाही.

खर्चाचा प्रश्न विचारलाच पाहिजे आणि विचारत राहिलं पाहिजे. फक्त जमेच्या बाजूला काय लिहायचं ते मी सांगितलं.

माझा मुलगा 'मुंबई'वर रुजू झाला आहे. जहाजाचं नाव मुंबई, आणि पोस्टिंग विशाखापट्टणमला? जहाज जुनं आहे म्हणतात, काळजी वाटते. आणि त्याला इथून काय पाठवू? (एक आई, सातारा जिल्हा)

ताई, आधी अभिनंदन. 'मुंबई' वीस-बावीस वर्षं पश्चिम किनाऱ्यावर राहिली. मोठी दुरुस्ती आणि नवं सामान बसवून डिसेंबर २०२३मध्ये ती पूर्व ताफ्यात विशाखापट्टणमला गेली. मला स्वतःला ते ऐकून घरातलं माणूस दूर गेल्यासारखं झालं होतं. पण ऑगस्ट २०२४मध्ये ती कोलंबोला गेल्याचे फोटो पाहिले. रेलिंगला नवा रंग, माणसं पांढऱ्या कपड्यांत ओळीने उभी. छान दिसत होती.

जुनं जहाज म्हणजे धोक्याचं जहाज नव्हे. जहाजाचं वय रोज सकाळी मोजलं जातं : पत्र्याची जाडी तपासतात, झडपा उघडझाप करून बघतात, आग विझवण्याचा सराव होतो. तुमच्या मुलाला पहिले काही महिने फार झोप मिळणार नाही आणि हातांना फोड येतील. तो फोनवर सांगणार नाही. तुम्हीही विचारू नका. जेवलास का, एवढंच विचारा. समुद्रावर असताना फोन लागत नाही, कधी आठवडाभर, कधी जास्त. बातम्यांत जहाजाचं नाव शोधत बसू नका. काही असेल तर घरी कळवण्याची नौदलाची पद्धत आहे आणि ती पाळली जाते.

पाठवायचं म्हणाल तर लॉकर लहान असतो, साधारण शाळेच्या कपाटाच्या एका कप्प्याएवढा. काचेची बरणी पाठवू नका, पहिल्या वादळात फुटते आणि मग सगळ्या मेसला काचा वेचाव्या लागतात. लाडू डिंकाचे चालतील, बेसनाचे दमट हवेत मऊ पडतात. शेंगदाण्याची चटणी, सुकं खोबरं-लसूण, भाकरीऐवजी कडक धपाटे. सगळं घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात, कारण खाली डिझेलचा वास असतो आणि तो तुपाला पटकन लागतो. आणि एका माणसाचं पाठवू नका, वीस जणांना पुरेल एवढं पाठवा. डबा उघडल्यावर पहिल्या पाच मिनिटांत तो संपतो.